पटावरचा चिंचोका

नागपूरला गेलेल्या बालमित्राला, राजदीपला, आज मात द्यायचीच, असं लोकेशनं ठरवून टाकलं होतं. "हरलो तं खेळनं सोडतो," असं फोनवर ठणकावलंही होतं.

घरचे सगळे शेतात धानाच्या रोवण्याला गेलेले. सौंदडच्या घरात भरदुपारी तो एकटाच, दाराला आतून कडी. समोर लॅपटॉप आणि शेजारी लाकडी पट, कारण नुसत्या पडद्याकडे बघून त्याला चाल सुचतच नसे. पटातलं एक प्यादं कधीच हरवलं होतं. त्याच्या जागी चिंचोका.

हा ऑनलाइन डाव बघायला एकच प्रेक्षक होता. त्याचे शेरे खेळाडूंना डाव संपल्यावरच दिसणार होते. बघू दे की, शिकेल काही!

नेमकं तेच प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं. लोकेशनं चिंचोका उचलून पटाच्या कडेला ठेवला. पुढच्याच चालीत मात!

लगेच राजदीपचा फोन आला. "जिकला गा तू. पन ते शेरे वाच. तुह्याजवळ कोन बसून आहे?"

"कोनीच नाही," लोकेश हसत वाचू लागला.

'चिंचोका पुढं सरकवला.'

'चिंचोक्यानं घोडा मारला.'

'चिंचोका उचलला, कडेला ठेवला.'

पडद्यावर तर ते इतरांसारखंच काळं प्यादं होतं. लोकेशनं पटाच्या कडेला पाहिलं. मारलेले मोहरे होते, चिंचोका नव्हता. त्यानं पट उचलला, वाकून फरशीवर शोधलं.

मान वर केली तेव्हा नवा शेरा उमटला होता.

'कायले शोधून राहिला? माह्या मुठीत आहे.'