खोबऱ्यातलं काळं

सामोआ बेटांवरच्या त्या गावात ओळखीची खवणी दिसली आणि नानांना चेव चढला. "अहो, आमच्या हिला बसवा! फटाफट खवून देईल," म्हणत त्यांनी बायकोला, कुंदाताईंना, सगळ्या पर्यटकांपुढे ढकललं.

कुंदाताईंचं डोकंच फिरलं. जन्म गेला गुहागरला नारळ खवण्यात. वर रोज जेवताना नानांचं ठरलेलं: "खोबऱ्यात करवंटीचं काळं आलंय. लक्ष कुठे असतं तुझं?" लेकानं हौसेनं एवढा समुद्र ओलांडून सहलीला आणलं, ते काय पुन्हा खवणीवर बसायला?

पण पर्यटकांना नारळ खवून दाखवणारा, फुलाफुलांची लुंगी नेसलेला धिप्पाड गावकरी खो खो हसला. "आमच्याकडे नारळ पुरुष खवतात," असं म्हणत त्यानं नानांना दंडाला धरून खवणीवर बसवलं आणि कुंदाताईंच्या हातात शहाळं दिलं.

नाना घामाघूम झाले. मांडी आखडली, बोट सोललं, नारळ हातातून दोनदा निसटला. नातवंडं व्हिडिओ काढत खिदळत होती. कुंदाताईंनी शहाळं शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, सावकाश उठून चिमूटभर खोबरं उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"काळं आलंय हो. लक्ष कुठे असतं तुमचं?"