मास्तरांची टकटक

पलंगाच्या लोखंडी दांडीवर मच्छिंद्र मास्तरांची अंगठी पुन्हा वाजली. टक टक. आदिनाथ लॅपटॉप सोडून उठला आणि त्यानं स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

"बघ आई, दादांना आवडतंय," तो म्हणाला.

मास्तरांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले होते. वाचा गेली, मान वळेना. डाव्या हाताचं अंगठीवालं बोट तेवढं हलायचं. एकेकाळी काष्टी गावात त्यांच्या बँड पथकाशिवाय वरात निघत नव्हती. मुंबईत कुठंतरी ऐकलेला जॅझ-फंकचा ठेका त्यांनी ट्रम्पेटवर असा काही बसवला होता, की नवरदेवच घोड्यावरून उतरून नाचायचा. एवढ्या गोंगाटात मास्तर चकार शब्द काढत नसत. तरी वीस माणसं एका दमात वाजवायची नि एका दमात थांबायची.

पोराला मात्र त्यांनी पथकाच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. शिक, नोकरी कर, म्हणाले. पठ्ठ्या शिकला आणि पुण्याच्या क्लबात डीजे झाला! दोन वर्षं बापलेकाचं बोलणं बंद होतं. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा आदिनाथ धावत आला, पण आता बोलणार कोण? दादांनी एकदा 'बरं केलंस' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्यानं पथकाची जुनी कॅसेट शोधली. तिचा वेग वाढवला, खाली क्लबचा दणदणीत बेस घातला, आणि रोज पलंगाशेजारी बसून रिमिक्स करू लागला. पहिल्याच दिवशी अंगठी वाजली. आदिनाथ ओसरीत जाऊन ढसाढसा रडला. मग रोजच वाजू लागली. आवाज जितका मोठा, तितकं बोट जोरात. मास्तरांचे डोळेही वाहायचे. आदिनाथची आई छबूबाई ते पदरानं पुसायच्या.

"सुखाचं पानी हाय ते," म्हणायच्या.

शेवटी त्यानं ती टकटकच मोबाईलवर टिपली आणि गाण्यात घातली. गाणं तुफान चाललं. पुण्यातली पोरंपोरी त्या टकटकीवर हात वर करून नाचू लागली.

आज पथकातला म्हातारा क्लॅरोनेटवाला भीमा मास्तरांना बघायला आला. आदिनाथनं कौतुकानं त्याला क्लबातला व्हिडिओ लावून दिला, वर स्पीकरही जोडला. ओळखीची चाल ऐकून भीमाची मान डोलायला लागली. मग टकटक सुरू झाली आणि मान थांबली. त्यानं पलंगाकडे पाहिलं. तिथंही तेच चाललं होतं. टक टक. टक टक.

आदिनाथ आवाज वाढवायला उठला. भीमानं त्याचं मनगट धरलं.

"बाळा, तीस वर्सं आमी ह्या अंगठीवर वाजवलं," तो म्हणाला. "ट्रम्पेटवर येकदा वाजली, की सुरू करायचं. दोनदा वाजली, की बंद."