समोरासमोर दहा मिनिटं

लिन्डीने घडीची खुर्ची उघडली आणि फुटपाथवरच आईच्या समोर मांडली. आठ वर्षांत ती आईच्या एवढी जवळ आली नव्हती.

"बारीक झालीस," मर्ना म्हणाली. "आत खायला घालतात की नुसतं ज्ञानच पाजतात?"

"गप्पा मारायला नाही आले, मर्ना. बैठक घ्यायला आलेय."

आईला नावाने हाक!

रस्त्यापलीकडे आत्मज्ञान शिकवणाऱ्या संस्थेची पांढरी इमारत होती. तिथे मर्नाने सत्तावीस वर्षं काढली आणि बाहेर पडल्यावर आठ वर्षं त्या संस्थेविरुद्ध बोलण्यात घालवली. रेडिओवर बोलली, वाचनालयांत बोलली. 'आत काय चालतं ते मला विचारा' अशी पाटी घेऊन दर शनिवारी ती इथे बसायची. संस्था सोडणाऱ्याशी घरच्यांनी बोलायचं नाही, असा तिथला नियम. नवऱ्याने तो मरेपर्यंत पाळला. मुलगी अजून पाळत होती.

आज संस्थेनेच लिन्डीला सूट दिली होती. सोमवारी कोर्टात मर्नाची साक्ष होती. तीन आयांना संस्थेच्या वसतिगृहातून आपली लहान मुलं परत हवी होती आणि मर्नाशिवाय त्यांना साक्षीदार नव्हता. ही बाई भर रस्त्यात रडते, किंचाळते, असं दाखवणारी चित्रफीत हाती लागली की संस्थेचं काम झालं. म्हणून संस्थेच्या गणवेशातला डग्लस लिन्डीच्या मागे मोबाइल रोखून उभा होता.

बैठक म्हणजे संस्थेचा पहिला धडा. शिष्याने दहा मिनिटं समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसायचं. शिक्षक वाटेल ते बोलणार, वर्मावर बोट ठेवणार. हसू नाही, आसू नाही, ओठसुद्धा हलवायचा नाही. हललात तर नापास, पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं निभावलीत तर पास. शिक्षक उठून निघून जाणार. निकालात शिक्षकाचा शब्द शेवटचा, तिथे वरिष्ठांचंही काही चालत नाही. हा धडा मर्नाने अर्ध्या गावाला शिकवला होता. लिन्डीला शिकवला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि एकाच दुपारी चौदा वेळा नापास झाली होती. ती दुपार मर्ना स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

"सुरू," लिन्डीने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"काय ती टोपी! बुजगावणंसुद्धा घालणार नाही. आठ वर्षं उन्हात बसून काय मिळवलंस? एक माणूस तरी बाहेर आला?"

मर्ना हलली नाही. मुलीच्या भुवईवरचा व्रण अजून होता. सायकलवरून पडली होती.

"तुझी सगळी पत्रं मी न उघडता परत पाठवली."

मर्ना हलली नाही. एक थेंब गळू दिला तर बैठक पुन्हा सुरू होईल, मुलगी आणखी दहा मिनिटं समोर बसेल, हे तिला कळत होतं. तो मोह जबर होता. पण त्या एका थेंबापायी तीन आयांची मुलं आतच राहिली असती.

"बाबा गेले," लिन्डीचा आवाज जरा खाली आला, "तेव्हा शेवटी तुझंच नाव घेत होते. तुला बोलवायचं नाही, असं मीच सांगितलं."

डग्लसने मोबाइल आणखी जवळ नेला. मर्नाने श्वाससुद्धा पूर्वीच्याच लयीत घेतला. तिच्या आयुष्यातली सर्वांत उत्तम बैठक तिने त्या फुटपाथवर केली, आणि आपण मुलीला आपल्याच हातांनी घालवतोय, हे जाणून केली.

घड्याळ वाजलं. दहा मिनिटं झाली.

आता लिन्डी उठणार, 'पास' म्हणणार आणि रस्ता ओलांडणार. मर्ना तिचा चेहरा डोळ्यांत साठवू लागली.

"नापास," लिन्डी म्हणाली.

"आँ?" डग्लस ओरडला. "म्हातारी जागची हलली नाही! माझ्याकडे सगळं आहे ना यात!"

"शिक्षक कोण आहे, डग्लस?"

त्याने मोबाइल खाली घेतला.

लिन्डीने गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत खुर्ची पुढे ओढली आणि घड्याळ शून्यावर आणलं.

"पुन्हा पहिल्यापासून."