नॉर्वेची चांदी

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी ऐक. ब्रिआनाचा सासरचा पहिला ख्रिसमस, मिनेसोटात बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ताटात लुटफिस्क. म्हणजे तो थुलथुलीत मासा गं, जो लागला की चांदी काळीठिक्कर पडते. त्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक, पण या नव्या सुनेला कोण सांगणार? तिनं हौसेनं कपाटातले चांदीचे चमचे मांडले. सासूच्या आजीनं नॉर्वेहून बोटीतून आणलेले, आणि ज्यांच्यावरून सासू आर्डिस आणि तिची थोरली बहीण बोर्गहिल्ड यांचं वर्षानुवर्षं वाजत आलेलं, तेच.

गप्पांच्या नादात कुणाच्या लक्षात आलं, तेव्हा अर्धा मासा संपला होता.

"मेले मी," ब्रिआना नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

"तरी सांगत होते आर्डिस, माझ्याकडे दे," बोर्गहिल्डमावशी कडाडल्या. "यंदा मी ते घेऊनच जाणार. ए सूनबाई, आण तो चमचा इकडे, बघू दे किती वाट लावलीस."

ब्रिआनानं चमचा पुसला. परत पुसला. डाग कसला, आरशासारखा लखलखीत. मग एकेक करून सगळ्यांनी आपापला पुसून पाहिला. सगळेच लखलखीत. मावशींनी आपला चमचा उलटा करून चांदीचा शिक्का शोधला.

 

मावशींनी चमचा अलगद बहिणीच्या हातात ठेवला. "राहू दे गं. आपल्या आजीची आठवण तुझ्याकडेच शोभते."

 

तू असतीस तर हसू कुठे लपवलं असतंस?