ताम्रपटाचा दुसरा तुकडा

फाटक उघडून ताई कुरणात शिरली आणि जागच्या जागी थांबली. सगळं गवत उन्हाने पिवळं पडलेलं, आणि त्यात जागोजागी हिरवे चौकोन. वीतभर लांबी-रुंदीचे. तिने मोजायला सुरुवात केली, एकवीसपर्यंत आली आणि सोडून दिलं.

मागून धाकटा भाऊ मेटल डिटेक्टर आणि थर्मास सांभाळत येत होता. "म्हटलं होतं ना, गुडघ्याला अजून आठ दिवस दे. माती काय पळून जातेय?"

"इथे चोर येऊन गेलेत," ती म्हणाली.

"असतील. हल्ली कोणीही उठतो आणि मशीन घेऊन खणत सुटतो."

गुडघा कुरकुरला तरी ती खाली बसली. एका चौकोनाच्या कडेने बोट फिरवलं. गवत तीन बाजूंनी कापलेलं, चौथी बाजू शाबूत. पेटीच्या झाकणासारखं उघडायचं, खणायचं, माती परत भरायची, झाकण लावून टाचेने दाबायचं आणि वर बाटलीभर पाणी घालायचं. म्हणजे मुळं धरतात आणि मालकाची तक्रार येत नाही. हे तिनेच भावाला शिकवलं होतं. पाणी विसरला की टपली मारून शिकवलं होतं. बाकीचे लोक खड्डे तसेच टाकून जातात. चोरांना कुठली आलीय मुळांची काळजी! पण हाताची सवय, मेली, जात नाही.

"चोर चांगल्या बाईकडे शिकलेत रे," ती म्हणाली.

भावाने थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.

सहा वर्षांपूर्वी याच कुरणात तिला तळहाताएवढा ताम्रपट सापडला होता. मधोमध तुटलेला, प्रत्येक ओळ अर्ध्यावर थांबलेली. संग्रहालयातल्या तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, दुसरा तुकडा आणा, दोन्ही जोडून काचेत ठेवू आणि खाली तुमचं नाव लावू. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून ताईचं नाव हजेरीपुस्तकापलीकडे कुठे गेलं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी दोघं इथे. तिचा तुकडा फडक्यात गुंडाळून पिशवीत असायचा, दुसरा सापडला की तिथल्या तिथे कडा जुळवून बघायला. लोक विचारायचे, "नर्सबाई, जिवंत माणसं कमी पडली का, म्हणून माती उकरताय?" तीही हसायची. महिन्यापूर्वी गुडघ्याने अंथरूण धरायला लावलं, तेव्हा भाऊ उशाशी बसून म्हणाला होता, तुझ्याशिवाय मी तिकडे पाऊल टाकणार नाही.

"सापडला?" तिने विचारलं.

"सापडला. गेल्या मंगळवारी. तुला सांगणारच होतो."

"कुठाय?"

"संग्रहालयात दिला." तो बुटाच्या टोकाने गवत उकरत म्हणाला, "माझ्या नावावर. आता त्यांना तुझा तुकडा हवाय."

"आणि तो तू माझ्याकडेच मागायला आलास?" ती गुडघा धरून उठली. "कडेवर घेऊन वाढवलं रे तुला. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय घालू?"

"चिडू नकोस ना. घरातल्या घरातच आहे. तुझं काय नि माझं काय!"

ताईने पिशवीतून फडकं काढलं आणि त्याच्या छातीवर आपटलं. "घे! हाही घे! आणि सांग त्यांना, दोन्ही तुकडे तुलाच सापडले. ताईला काडीसुद्धा सापडली नाही. ताई नुसती चहा प्यायला यायची. सांग जा!"

त्याने फडकं झेललं. मग हळूच श्वास सोडला, मोठं संकट टळल्यासारखा.

"नक्की ना, ताई?"

शर्टाच्या खिशातून त्याने एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढे धरला. टाइप केलेलं होतं: दोन्ही तुकडे अर्जदारालाच सापडले असून त्यांवर माझा कोणताही हक्क नाही. तिने दोनदा वाचलं.

"फक्त सही कर," पेनचं टोपण काढून देत तो म्हणाला. "खाली तुझं नाव मी घातलंय."