हलक्या पानांवर कॉल

दिवाळीला घरी आला तेव्हा ऋतुराजनं आईच्या मोबाइलमध्ये पोकरचा फुकटचा खेळ टाकून दिला, शिकवलाही. आता दर रविवारी दुपारी, तो जर्मनीतून आणि आवडाबाई उस्मानपुऱ्यातल्या रिकाम्या फ्लॅटमधून, मायलेक एका टेबलावर बसायचे. एरवी फोन लावावा तर ऋतुराज कायम बिझी. "आई, नंतर करतो," म्हणायचा, आणि ते नंतर काही उजाडायचं नाही.

आवडाबाईंना पानं लई हलकी यायची. दुर्री नि सत्ती, कशाचा कशाला मेळ नाही. रेझ करून डाव वाढवावा तर ऋतुराज पानं टाकून द्यायचा आणि खेळ तिथंच आटपायचा. म्हणून त्यानं जेवढं लावलं तेवढंच लावून त्या नुसतं 'कॉल'चं बटण दाबायच्या. दाबायच्या आणि हरायच्या.

शेवटी त्या रविवारी ऋतुराज वैतागला. खेळातच त्याचा मेसेज आला, "आई, किती वेळा सांगू तुला? हलक्या पानांवर कॉल करत नसतात. एक तर रेझ कर, नाही तर पानं टाक. सारखा कॉल काय करतेस?"

आवडाबाईंनी चष्मा पदरानं पुसला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

 

"ह्या कॉलला तू बिझी नसतोस रं, बाळा."