खांबाखालचं पाणी

"चपला झिजल्या माझ्या. ही बाई पाणी शोधतेय की माझा अंत बघतेय?" गोवर्धनशेठ छत्रीखाली पुटपुटला.

नवशीनं ते ऐकलं आणि चाल आणखी मंद केली.

दोन्ही मुठींत उंबराची बेचकी काठी, खाली पाणी असलं की टोक झुकवणारी; पाय अनवाणी. साखरशेतापासून सूर्यमाळेपर्यंत कितीतरी विहिरी तिनं दाखवल्या होत्या, एकही कोरडी निघाली नव्हती. बापानं शिकवतानाच बजावलं होतं, काठीच्या नावानं एकदा जरी खोटं बोललीस तर हात मुका होईल, मग जन्मात बोलायचा नाही.

शेठच्या घरची विहीर औंदा आटली होती आणि पंधरा दिवसांत दरबारचे कारभारी लवाजम्यासकट त्याच्याकडे मुक्कामाला यायचे होते. गेल्या वैशाखात आटला होता तो नवशीच्या पाड्यावरचा झरा. तिची लेक फागी पाण्यासाठी दरीत उतरली, ती हंड्यासकट खाली गेली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. शेठही म्हणाला. पोर मुळात दरीत का उतरली, ते कुणी विचारलं नाही.

बांधावरच्या वारुळापाशी बेचकीनं टोक खाली ओढलं, इतकं जोरात की सालीनं तळवा सोलला. नवशीनं मुठी आवळून टोक वर धरलं आणि ती पुढे गेली.

मागून ढवळू येत होता. तिनं जागा दाखवायची आणि त्यानं खणायचं, असं वीस वर्षं चाललेलं. त्यानं पाहिलं.

"आत्या, पाय भाजतात का?"

"भाजू दे."

ती सरळ शेठच्या घरात शिरली. एरवी तिला ओटीवरही कुणी घेतलं नसतं. पण काठी चालत असताना माणसाला अडवायचं नाही, ही रीत शेठनंही पाळली. माजघरात मधल्या सागवानी खांबापाशी ती थांबली. मुठी सैल सोडल्या. टोक खाली गेलं.

"इथं."

"अगं, या खांबावर अख्खी माडी उभी आहे."

"पानी काय घर बघून चालतं, शेट?"

"थोडं इकडंतिकडं?"

"खांबाच्या बुडाशीच. पंधरा हात खोल."

शेठनं मान पुसली. "ढवळू, खरं का रे?"

"काठी आत्याची," ढवळू जमिनीकडे बघत म्हणाला. "मी खणणारा."

शेठनं मनात दिवस मोजले. मग वर माडीच्या तुळयांकडे बघितलं. "आण पहार."

पहिली फरशी निघाली. खालची माती भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखी भुरभुरली. नवशी बघत उभी होती. तिच्या हातांना आता काहीच कळत नव्हतं, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं.

ढवळूनं पुन्हा पहार उचलली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून शेठाणी शांताबाई आली आणि दुसऱ्या फरशीवर पाय रोवून उभी राहिली.

"तू आत जा," शेठ म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही. ती नवशीकडे बघत होती.

"इथं पाणी नाही, बाई. तुलाही ठाऊक आहे. त्या दिवशी आमच्या विहिरीत मात्र होतं. तुझी पोर हंडा घेऊन आली, दोनदा हाक मारलीन. विहिरीवर काटेरी फांद्या ओढ म्हणाले हे. ओढल्या मी."